पांढरा टॉवेल म्हणजे सुखरूप

१२ मे, सोमवार. सकाळी ९.
संकल्प : यंदा वादळाला पूर्ण तयारीनिशी तोंड द्यायचं. अश्विनीने काल पुण्याहून बजावलं, आई, पावसाळ्याआधी एकदा जरी अडकलीस तर धामणगावचं घर बंद आणि तू माझ्याकडे. म्हणजे अकराव्या मजल्यावर. मी हसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसची फायर ड्रिलची शिट्टी वाजली की माझी रांग सर्वांत आधी मैदानात असायची. आग कधी लागली नाही, हा भाग वेगळा.
इंटरनेटवरून अमेरिकेतल्या चक्रीवादळाच्या तयारीची यादी उतरवून घेतली. चौदा पानं. त्यात समुद्राच्या लाटांचंही एक पान आहे. ते जपून ठेवलंय.

१४ मे, बुधवार.
मुद्दा सहा : छतावरच्या सुट्या वस्तू खाली उतरवा, वाऱ्यात उडून इजा होते. मागच्या पडवीच्या टिनांवर सतरा दगड आहेत. यांनी ठेवलेले. प्रत्येकावर ऑइलपेंटने आकडा, कुठला कुठे ते चुकू नये म्हणून. गणिताचे मास्तर.
शेजारच्या किसनरावांना शिडी लावून दगड उतरवायला सांगितलं. वरूनच विचारत होते, "बाई, दगड काढता काऊन? टिन उडून जाईन ना." मी यादी दाखवली. "हे कोन्या गावचं हाय?" अमेरिकेचं म्हटल्यावर गप्प झाले. पटलं असावं.
दगड तुळशीभोवती मांडले. शोभून दिसतात.

१६ मे, शुक्रवार.
रुखमाबाईंकडे, म्हणजे किसनरावांच्या घरी, कुरडया होत्या. नऊजणी जमल्या होत्या. संधी साधून माझी सिग्नल पद्धत समजावली. वादळानंतर माझ्या गच्चीच्या कठड्यावर पांढरा टॉवेल दिसला तर मी सुखरूप, कोणी यायचं नाही. तुटक्या तारा असतात, उगीच जीव धोक्यात. लाल कापड असेल तर यायचं, पण वीज बंद करून, आणि दोघादोघांनी.
तानाबाई म्हणाल्या, "बाई, आमी तं असंही आलो असतो." त्यांना सांगितलं, असंही येणं आता बंद. शिस्त हवी. सगळ्यांनी माना हलवल्या.
रुखमाबाईंनी वाटीभर गरम चीक बांधून दिला. घरी येऊन खाल्ला. भिंतीपलीकडे बायका बराच वेळ हसत होत्या. कशावर ते कळलं नाही.

१८ मे, रविवार. सायंकाळी ६.१०.
वादळ आलं आणि गेलं. वीस मिनिटं. तयारी उत्तम ठरली. टॉर्च हाताशी, शिट्टी गळ्यात.
पडवीची तिन्ही टिनं गेली. दगड मात्र एकही उडाला नाही.
लिंबाची मोठी फांदी फाटकावर पडली आहे आणि तिच्यावर विजेची तार. यादीप्रमाणे दूर राहिले. बाहेर पडायची दुसरी वाट नाही, तशी गरजही नाही. किसनरावांनी उघडी पडवी पाहिली तर रुखमाबाईंचा फोन लगेच अश्विनीला जाईल. पांढरा टॉवेल लावला. घट्ट, दोन गाठी मारून.

१९ मे, सोमवार.
सकाळी १०. कोणी आलं नाही. पद्धत यशस्वी.
१०.३०. रुखमाबाई त्यांच्या गच्चीवर दिसल्या. माझ्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, हात केला आणि खाली गेल्या. शिस्त म्हणतात ती ही.
दुपारी ४. मोबाईल बंद पडला. चार्ज करून ठेवणे हा मुद्दा दोन होता. मी सहापासून सुरुवात केली होती.
चहा चुकून दोन कप झाला. दोन्ही प्यायले.

२० मे, मंगळवार. सकाळी ८.
वीज नाही, त्यामुळे टाकीत पाणी चढत नाही. घागर अर्धी. शिट्टी चालते का ते पाहिलं. चालते. कोणाला ऐकू जाणार नाही इतकीच फुंकली.
११.१०. केवळ ड्रिल म्हणून लाल शाल कठड्यावर लावली. यांना निरोपसमारंभात मिळालेली.
दुपारी १. सव्वाअकराला गल्लीत पावलं वाजली! दोघेदोघे, मी सांगितलं होतं तसेच. किसनरावांनी आधी वायरमनला बोलावून वीज बंद केल्याची खात्री केली, मग कुऱ्हाडीने फांदी तोडली. रुखमाबाई डोक्यावर हंडा घेऊन आल्या. "दोन दिस घोर लागला व्हता बाई. पन तुमचं पांढरं फडकून राह्यलं व्हतं, यावं कसं?"
मी सांगितलं, ही ड्रिल होती आणि तुम्ही सगळे पास झालात. तानाबाई म्हणाल्या, "अमेरिकेले कळवा मंग."
किसनरावांनी पडवीकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं. शेतातून टिनं शोधून आणली, ठोकली आणि दगड वर चढवले. आकड्यांप्रमाणे, एक ते सतरा.
चहा ठेवते म्हटलं. पण तानाबाईंच्या गोठ्याचं छप्पर अजून तसंच पडलंय. सगळे तिकडे गेले. निघताना मी त्यांना म्हटलं, अश्विनीला कळवू नका, तर रुखमाबाई म्हणतात, "तिचा कालच फोन आलता. बाईनं पांढरं लावलं, मजेत हायेत म्हनून सांगतलं."

२१ मे, बुधवार.
वीज आली. अश्विनीशी बोलले. ती फार खूश आहे. म्हणाली, आई, तू एकटी छान राहू शकतेस, माझीच काळजी उगीच होती. महिनाअखेर मी कशी आहे ते पाहायला येणार होती, आता दिवाळीतच येईल.
जिंकले.
रुखमाबाई काल जाता जाता सांगून गेल्या, आता पांढरं लावा, नाही तं लोक उगी धावतीन. बरोबरच आहे. टॉवेल सकाळीच धुतला. ऊन त्रेचाळीसचं आहे, पण टॉवेल जाड आहे. वाळायला दोन-तीन दिवस तरी लागतील.
तोवर शाल राहू दे.