विजूच्या ताटात काय होतं

मंगळ. ५ ऑगस्ट
जेवण होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच विजूचे ओठ सुजले, घसा आवळला. एप्रिलात एकदा झालं होतं, हे दुसऱ्यांदा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. या वेळी बी.पी. फारच खाली. इंजेक्शननं सावरली. डॉक्टर म्हणाले, तिसरी वेळ येऊ देऊ नका.
ताटात भाकरी, मी केलेली खोबऱ्याची चटणी, विजूच्या सिल्लोडच्या वहिनींनी आणलेली दोडक्याची भाजी. वहिनींची भाजी कुटाशिवाय होत नाही.

बुध. ६
वहिनींना फोन. "कुटाचा कणबी नव्हता भाऊजी. एवढं कळतंय मला." जरा पटकनच म्हणाल्या. जाताना भाजीचा डबा घासून, पुसून नेला होता. एवढी घाई?
विजू : "पंचनामा करा आता माझ्या वहिनीचा."

शुक्र. ८
रविवारच्या पुरवणीसाठी माझा लेख : तीव्र अ‍ॅलर्जी आणि यकृतातल्या प्रतिकारपेशी. डॉक्टरांनाच गाठलं. काही पेशी यकृतात कायमच्या मुक्कामाला असतात, येणारं रक्त तपासतात, नको ते गिळतात. अ‍ॅलर्जीचा झटका त्या आवरतात की भडकवतात?
"दोन्ही शक्य आहे. बरंचसं काम उंदरांवरचं. तुम्हाला लगेच आरोपी हवा असतो."
'पहारेकरीच सामील?' असं शीर्षक दिलं. पुरावा नाही. खोडलं. लेख वेळेत गेला, शेवट लंगडा.

सोम. ११
श्रावणी सोमवार. उपवास माझा एकट्याचा. खिचडीसाठी कूट केलं. आमच्याकडं उपवासाचं मिक्सरचं भांडं वेगळं, कांदा-लसूण त्यात जात नाही. म्हणून तर एप्रिलात मीच ठरवलं, विजूचं सगळं यातच वाटायचं. हे स्वच्छ.
धुताना पात्याखालची रबरी रिंग निघाली. खाली कुटाचा तेलकट थर. आजचा नव्हे, जुना.
गेल्या सोमवारी कूट. मंगळवारी त्यातच चटणी.
पण मग इतके दिवस कसं निभावलं? भाजीही असू शकते.
विजू : "काय बघताय एवढं?"
"काही नाही."

मंगळ. १२
नवं भांडं आणलं. जुनं कागदात गुंडाळून माळ्यावर. टाकवलं नाही.
डॉक्टरांना विचारलं. भांडं असेल, भाजी असेल, आता सांगता येणार नाही.
दुपारी वहिनींचा फोन. "विजूला बघाया येऊ का शनवारी? काय आणत नाय. पाणीबी तुमच्याच घरचं पिते." या म्हणालो. पुढचं वाक्य जुळवत होतो, त्यांनी ठेवला.
जेवताना विजूला सांगितलं, वहिनी येतायत. बरं वाटलं तिला. मग चटणी पुढं ओढून म्हणाली, "त्यांना स्वैपाकघरात नका जाऊ देऊ पण. तुमच्या हातचं खाताना धाकधूक नसते."
शनिवारला चार दिवस आहेत.