पंधरा दिवसांची सवय

३ मार्च
चि. सौ. धाकटीस अ. आ.
पार्सल पोचले. बहिणीचे चष्म्याचे दुकान असण्याचा पन्नाशीनंतर प्रथमच उपयोग झाला. माझ्या उणे तेरा नंबरच्या जुन्या काचा कडेला बोटभर जाड, नाक कायमचे शरणागत. नव्या इतक्या कृश, की संस्कृतच्या तासाला मुलींनी नंबर उतरला का म्हणून विचारले. वैराग्याने उतरला, असे सांगितले. तुझी वहिनी म्हणते, बाटलीची बुडे गेली, आता चेहऱ्याला आडोसा उरला नाही.
एकच तक्रार. खिडकीच्या गजांना निळी-पिवळी किनार दिसते. हे कोणते वस्त्र?
लोभ आहेच. तो माझ्या नंबरासारखा दरवर्षी वाढो.
दादा

८ मार्च
ती. दादास शि. सा. न. वि. वि.
काचेचं प्लास्टिक जितकं पातळ, तितके कडेला रंग फुटतात. मधल्या जातीचं घे, थोडं जाड पण रंग कमी, असं सांगितलं होतं. तुला सगळ्यात पातळच हवं होतं. नटवा कुठला!
आता पहिल्या दिवसापासून पंधरा दिवस सतत घाल. जुना घालायचा नाही, कुरकुर करायची नाही. सवय होते. प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगते.
तुझ्या टोमण्यांवर वाढलेली,
धाकटी

१३ मार्च
चि. सौ. धाकटीस अ. आ.
आज्ञा शिरोधार्य. जुना चष्मा वहिनीच्या कपाटात कैदेत आहे.
उजव्या काचेत मात्र दोष असावा. शाईचे शिंतोडे दिसतात, पुसून जात नाहीत. जिन्यातल्या अंधारात कोपऱ्यात वीज चमकते. परवापासून खालून काळी किनार चढते आहे. वरची ओळ वाचताना पानाचा तळ दिसत नाही. काल दोन ओळी गेल्या, आज पाच. वहिनी डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागली आहे. तिला म्हटले, गुरुवाक्य पंधरा दिवसांचे आहे, अजून पाच उरलेत.
शिष्यावर कृपा असू दे.
दादा

१६ मार्च
दादा,
नमस्कार राहू दे. पत्र आत्ता हाती आलं. फोन तू उचलत नाहीस, आणि माझ्या अक्षराशिवाय कुणाचं ऐकणार नाहीस, म्हणून हे गाडीने पत्र घेऊन येताहेत.
चष्मा काढ. डावा डोळा झाक. काळी किनार काचेत असेल तर जाईल. तिथंच राहिली, तर डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय. मग एक वाक्यही न बोलता गाडीत बस.
पंधरा दिवस मी रंगांबद्दल म्हटलं होतं रे. रंगांबद्दल.

१७ मार्च
सौ. वन्संस स. न.
तुमचे यजमान तुम्हाला आणायला निघालेत, त्यांच्याच हाती ही चिठ्ठी.
पत्र वाचून ह्यांनी चष्मा काढला, डावा डोळा झाकून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, तुझं कपाळ तेवढं शिल्लक आहे. मला वाटलं, थट्टाच.
आत्ता ऑपरेशनला आत नेलंय. उशीर किती झाला, ते डॉक्टर आत पाहूनच सांगणार. जाताना म्हणाले, धाकटीला कळव, अजून एक दिवस बाकी होता.
चष्मा नर्सने माझ्याकडे दिलाय. इतका हलका, की आहे ना हे पाहायला सारखी मूठ उघडावी लागते.
लवकर या.
वहिनी