फ्रीजमधल्या दोघांची नावं

मल्लवी,
११ डिसेंबर, शुक्रवार

प्रिय मावशी,

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरी असशील, मठात आजारी पडायला वेळ कुठे मिळतो.

आई म्हणते, नन होताना तुझ्यावर मेलेल्या माणसाची प्रार्थना म्हटली, तू आता जगाला मेलीस, तुला घरच्या कटकटी कळवायच्या नाहीत. पण मेलेल्यांना पत्र लिहू नये असं कुणी सांगितलेलं नाही. शाळा सोडल्यापासून लिहायची सवय गेलीय, चुकलं तर समजून घे.

नाताळचा उपास चालू आहे. रोज उकडलेल्या वालांचं 'फूल', नाहीतर मसूर. पाव फुगायला गच्चीवर उन्हात ठेवलेत, कबुतरं हाकलत लिहितेय. नार्दीनताईचा करास आता चालतो. मला फीफी म्हणतो.

मावशी, माणसात जीव नक्की कधी येतो गं? डॉक्टरांनी करासला काचेच्या नळीत धरलं होतं ना, तेव्हा आणखी दोन धरले होते. ते अस्यूतच्या दवाखान्यात गोठवून ठेवलेत. डोळ्यांना दिसत पण नाहीत म्हणे. त्यांना थंडी वाजते का? शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा ते तान्हे उठतील की मोठे? आईला विचारलं तर म्हणाली, तू आधी पीठ मळ.

दवाखान्याने विचारलं, या दोघांचं काय करायचं ते सांगा. म्हणून ताई आणि मी चर्चमध्ये अबूना बिसंतींकडे गेलो. ते म्हणाले, टाकून द्यायचे नाहीत, दुसऱ्या बाईच्या पोटातही ठेवायचे नाहीत. ताईने विचारलं, मग? अबूनांनी दाढी कुरवाळली. म्हणाले, "मला माहीत नाही, पोरी. बिशपना विचारतो." पाद्र्याला माहीत नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवसापासून मला ते जास्त आवडतात.

पण ताई बिशपांसाठी थांबली नाही. आपण बाळाच्या सातव्या दिवशी एकेका नावाची मेणबत्ती लावतो, जी शेवटपर्यंत जळते तिचं नाव बाळाला. तिने या दोघांसाठी लावल्या. आई म्हणाली, अंड्यात पिल्लू नाही आणि ही बारशाला बसली. मला पण हसू आलं. निघाली बसीली आणि फेरोनिया. तेव्हापासून ताई 'ते दोन' म्हणत नाही. फेरोनियाचे केस माझ्यासारखे असतील, असं म्हणते. नाव नव्हतं तोवर बरं होतं गं.

पुढचं लिहू की नको म्हणून मधे उठून पाव बघून आले.

करासच्या वेळी ताईचे पाय सुजले होते, धाप लागायची, आठवतं? मिन्या शहरातल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलंय, पुन्हा दिवस राहिले तर तुझ्या हृदयाला झेपणार नाही. अस्यूतच्या दवाखान्याला हे माहीत नाही. भाऊजी कुवेतला, त्यांना वाटतं ती पूर्ण बरी झाली. त्यांनी संमतीची सही करून पाठवली. सोमवारी ती बसीली आणि फेरोनियाला पोटात ठेवून घेणार आहे. आईला सांगितलंय, करासला कपडे आणायला जातोय. सोबत मी. तिने माझा हात तिच्या मनगटावरच्या क्रुसाच्या गोंदणावर ठेवला आणि कुणाला सांगणार नाही असं वचन घेतलं.

मी विचारलं, "आणि तू गेलीस तर?"

"गेले तर गेले. आईने पोरांसाठी जायचंच असतं."

"करास पण पोरच आहे."

"त्याला तू आहेस ना," ती म्हणाली. मग हसली, म्हणाली, एरवी तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आज बरी वकिली करतेस.

मावशी, दुसऱ्यासाठी जीव देणं सगळ्यात मोठं प्रेम, हे लहानपणापासून ऐकतेय. पण जो अजून आलाच नाही त्याच्यासाठी, आलेल्याला सोडून? ते प्रेम की हट्ट? वचन मोडलं तर पाप, पाळलं आणि ती गेली तर ते काय? दोन्हीकडे पाप असेल तर देव कुठल्या बाजूला उभा राहतो? मला खरंच जाणून घ्यायचंय. अबूनांना कबुलीत सांगितलं तर ते कुणाला सांगू शकत नाहीत, मग उपयोग काय? आईला सांगितलं तर रडारड होईल आणि ताई एकटीच निघून जाईल. तुझं उत्तर सोमवारच्या आत येणार नाही.

म्हणून मी ठरवलंय. सोमवारी तिथल्या डॉक्टरांना मीच सांगणार, तिच्यासमोर. दुकानात मीठ हवं असलं तरी मी बोटाने दाखवते, त्यामुळे कसं जमेल माहीत नाही. बसीली-फेरोनिया अजून तिथेच राहतील, आणि ते बरोबर की चूक ते मला कळत नाही. करासला आई पाहिजे, एवढंच कळतं.

ताई माझ्याशी पुन्हा बोलणार नाही बहुतेक. नाही बोलली तरी चालेल. न बोलायला ती असेल.

वचन मोडायला निघालेली,
तुझी फेबी