तटाचा कोपरा

नागा बिर्का,
३ फेब्रुवारी १९३६

ती. नफीसाताईस,
बद्रीचा सलाम. वि. वि. बाबांना जाऊन आज बारा दिवस झाले. आई थोडं खाते.

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. बाबांची कबर मीच खणली. हाताला उत्खननाची सवय, म्हणून बाजू सरळ तासत गेलो, आणि उशाकडे कच्च्या विटांचा काटकोन उघडा पडला. जुन्या शहराच्या तटाचा कोपरा. बाबा आणि मी सात वर्षं नाईलच्या काठानं तोच शोधत होतो. मी त्यावर माती लोटली आणि त्यांना खाली ठेवलं.

पंधरा तारखेपर्यंत कोपरा मिळाला नाही, तर उत्खननाचे साहेब तो शोधायला उम्म हमीदाच्या खजुराच्या बागेतून चर काढणार. त्या विधवेला दुसरं काही नाही. आणि मुकादम म्हणून मी बोललो, तर बाबांना कबरीतून उठवावं लागेल. काय करू?

तुझा,
बद्री

सुवेझ,
८ फेब्रुवारी

चि. बद्रीस अनेक आशीर्वाद.
पत्र वाचताना चुलीवरची डाळ करपली. तोंड उघडू नकोस. अजून बाबांचा चाळिसावा दिवसही झाला नाही. गाव म्हणेल, पोरानं बापाला उकरलं. कबर खणतानाही काटकोन बघणारा तूच एक. लहानपणी भाकरीसुद्धा मोजून तोडायचास.

खजूर पुन्हा लावता येतात.

बाबांचा माती झाडायचा ब्रश आठवण म्हणून आणला, तो उशाशी आहे. ते म्हणायचे, मातीशी एकदा खोटं बोललं की ती पुन्हा काही दाखवत नाही. हे आत्ताच आठवायला नको होतं.

आईला जप. माझ्यावर रागावू नकोस.
नफीसा

नागा बिर्का,
१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम. काल साहेब खुंट्या ठोकायला निघाले. उम्म हमीदा झाडाला पाठ लावून बसली होती. मला म्हणाली की तुझा बाप या सावलीत चहा प्यायचा, तू सावलीच कापायला आलास.

मी साहेबांना कोपरा कुठे आहे ते सांगितलं. वर कोण आहे तेही. ते म्हणाले, नकाशावर अंदाजाची तुटक रेघ चालणार नाही, पाहावं लागेल. मी म्हणालो, चाळिसाव्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि नंतर फक्त मी. ते कबूल झाले.

गावात हे कळलं, आणि आज मशिदीत शेखांनी माझा सलाम घेतला नाही. आई एवढंच म्हणाली की बाबांना माहीत असतं, तर तेच म्हणाले असते, मला बाजूला ठेवा.

चाळिसाव्याला येशील तेव्हा बाबांचा ब्रश घेऊन ये. दुसऱ्या कुठल्या ब्रशानं मी त्यांच्यावरची माती काढणार नाही.

लोभ होता तसाच राहू दे.
बद्री