दुसरं नाक

१२ नोव्हेंबर १९९४, परतूर

दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं झालं. मी स्टोपासून हातभर अंतरावर बसलो होतो — वाचत! द्वारका अंगणातून धावत आली. ‘आवो, तोंडावर नाक हाय का काय हाय तुमच्या?’

आहे. दुखायला आहे.

१३ नोव्हेंबर

हिंग हुंगला. कांदा. रॉकेलची बाटली. द्वारकाचे केस. ती हसली — ‘काय भलतंच सुचून राह्यलं!’ काही नाही. पाणी हुंगावं तसं.

खाली वाकलं की कपाळात दगड सरकतो. रात्रभर तोंडाने श्वास. सकाळी जीभ लाकडासारखी.

१६ नोव्हेंबर

जिनिंगमध्ये माझं कामच नाकाचं. कापसाच्या गंजीत खांद्यापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, हुंगायचा. ओला कापूस आतल्या आत तापतो. धुमसू लागतो. धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वास आधी येतो. म्हणून मालकाचा नियम — हुंगणारे दोघे. या अंगाला मी, त्या अंगाला बिरू. मुकादम राधाकिसन म्हणतो, ‘एकाच्या नाकाचा भरोसा न्हाई.’

आज हुंगलं. ठीक आहे म्हणून मान हलवली. बिरूनेही हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला — ‘बराबर हाय, मास्तर.’ मी पुस्तकं वाचतो म्हणून मास्तर.

सुटलो. बिरू आहे. सगळ्यांत जुना माणूस.

२४ नोव्हेंबर

जालन्याला जाऊन आलो. डॉक्टरने नाकात बत्ती घालून पाहिलं. काय काम करता? सांगितलं. ‘आत सूज आहे, मांस वाढलंय. धूळ बसून बसून. आधी कापूस सोडा, मग औषधाचं बघू.’ वास परत येईल? ‘सोडून तर बघा.’

सोडून कुठे जाऊ? बी.ए.ला मराठी घेतलं होतं. त्याची परतुरात कुणाला गरज आहे?

द्वारकाला सांगितलं, साधी सर्दी आहे.

२९ नोव्हेंबर

सुटी झाली की मुकादम प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो. ‘खा. धूळ खाली जाती.’ गोड लागतो. गूळ लागत नाही.

५ डिसेंबर

द्वारका उद्यापासून जिनिंगमध्ये येणार. किडका कापूस वेचायला. त्या बायका गंजीच्या पायथ्याशी बसतात, अगदी चिकटून.

नको म्हटलं. का? — सांगता येईना. ‘बायकोची लाज वाटून राह्यली का?’ तिचे डोळे भरले.

८ डिसेंबर

आज सांगायचंच, असं ठरवून मुकादमापुढे उभा राहिलो. ‘काय मास्तर, नाकाला धार लावायची का?’ सगळे हसले. बिरू सगळ्यांत मोठ्याने हसला.

परत फिरलो.

१५ डिसेंबर

भर थंडीत पाऊस! ताडपत्र्या अपुऱ्या पडल्या. भिजलेल्या गाड्या तशाच गंजीवर रिकाम्या केल्या.

१६ डिसेंबर

बिरूला म्हटलं, आज नीट बघ, माझं नाक चोंदलंय. त्याने तपकिरीची चिमूट ओढली. ‘तुमी बघा एकडाव. मंग मी बघतो.’

मी हुंगलं. काय करणार? मान हलवली.

‘बराबर हाय.’

१८ डिसेंबर

भात लागला. खाली कोळसा. दोघेही घरातच होतो. दोघांनाही कळलं नाही!

‘सर्दी झाली बाई मला,’ द्वारका म्हणाली आणि पदराने नाक पुसत राहिली.

पदर नाकाला बांधून बस म्हटलं. ‘बाकीच्या हसतेत.’

उद्या सांगतो. कामावरून काढलं तर काढलं.

१९ डिसेंबर

नाही सांगितलं. मुकादम गावाला गेलाय म्हणून राहिलं, अशी स्वतःची समजूत घातली. बिरूला सांगता आलं असतं.

बिरू आहे, बिरू आहे. दिवसभर हेच घोकलं.

२० डिसेंबर

सकाळी कुंभार पिंपळगावचा एक शेतकरी कापूस घेऊन आला. बैलगाडी फाटकातच थांबवली. ‘आरं, काय जळून राह्यलं हितं?’

आवारात आम्ही इतकी माणसं. सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो.

द्वारकाला दंडाला धरून ओढलं. बाकीच्या बायका ओरडत निघाल्या. गंजी फोडली तर आत काळी. वारं लागलं तशी पेटली. कुणी भाजलं नाही.

बिरू भिंतीशी बसला होता. मी जवळ गेलो. त्याने वर पाहिलं.

‘मास्तर, मला वाटलं तुमाला वास येतो.’