भटक्या मुळाशी परततोच

४ जून
मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली. महिनाअखेरीस जाणार. घरात रडारड नको म्हणून जेवताना छोटंसं भाषण केलं. भाजी गार झाली, असं आमच्या हिचं म्हणणं. मी अजिबात अस्वस्थ नाही. आजपासून फक्त संशोधन.

६ जून
विषय थोर आहे. गणितातलं एक अमर्याद झाड, प्रत्येक फांदीला पुढे दोन फांद्या. मुळापासून एक भटक्या निघतो, वाटेल तिकडे वळतो. मात्र चाललेल्या वाटेची ओढ दर फेरीला वाढत जाते. प्रश्न असा: तो मुळाशी पुन्हा पुन्हा येत राहतो, की एक दिवस कायमचा जातो? माझं ठाम मत, येतो. सवयीपुढे कुणाचं काय चाललंय! सिद्धता आठवड्यात.

९ जून
सिद्धता पहिल्याच पायरीवर अडली. दोष खुर्चीचा. खुर्ची बदलली. तरीही अडली, म्हणून कॉम्प्युटरवर भटक्या सोडला. शेकडो वेळा सोडला, दर वेळी परतला! डोळे पाणावले. गणिताच्या सौंदर्याने.

१० जून, सकाळी
मुलीला निकाल सांगितला. जन्मापासून तू याच दारातून ये-जा करतेस, तेव्हा परत येणं गणितानेच ठरलंय, म्हटलं. ती म्हणाली, बाबा, मी नोकरीला चाललेय, प्रयोगाला नाही. हिने आतून विचारलं, भटक्याला डबा दिला होता का? या घरात विज्ञानाचं वातावरण नाही.

१७ जून
विभागात व्याख्यान. तासभर गरजलो. सवयीच्या सामर्थ्यावर बोललो तेव्हा टाळ्या पडल्या. मुलगी मुद्दाम ऐकायला आली होती, शेवटच्या रांगेत. शेवटी तिनेच हात वर केला. बाबा, तुझ्या कॉम्प्युटरमधलं झाड कुठवर होतं? म्हटलं, वीस पातळ्या, मशीनला तेवढंच झेपतं. ती म्हणाली, मग टोकाला पोचल्यावर बिचाऱ्याने मागे फिरायचं नाही तर काय करायचं? सभागृह हसलं. मीही हसलो. वक्त्याला तेही यावं लागतं.

१८ जून
आता फांद्या लागतील तशा फुटत जातात, असं झाड केलं. ओढ जबरदस्त वाढवली तर भटक्या परततो. जेमतेम वाढवली तर केव्हातरी जातो तो जातोच. किरकोळ अपवाद. आमच्या घराची ओढ जबरदस्त आहे.

३० जून
मुलगी गेली. स्टेशनवर बोलायचे मुद्दे काढून नेले होते. ‘नीट जा’ एवढंच बोललो. शैली संयत होती.

१९ जुलै
मुलीचा फोन. नव्या ऑफिसची वाट आता डोळे मिटून सापडते म्हणे. कोपऱ्यावरचा दुकानदार न सांगता ब्रेड काढून ठेवतो. खूश आहे. चाललेल्या वाटेची ओढ तिथेही वाढणारच, हे माझ्याच नियमात होतं. व्याख्यानात सांगायला वेळ पुरला नाही.

२० जुलै, संध्याकाळी
संकल्प: तिला ये म्हणणार नाही. आपण जाणार तर मुळीच नाही. मूळ जागचं हलत नसतं. हे तत्त्व हिला नीट समजावायला उभा राहिलो. हिने स्वतःचं तिकीट गेल्याच आठवड्यात काढलंय! शेजारची सीट अजून रिकामी दिसतेय, घेऊ का, म्हणाली. माझे तीन मुद्दे बाकी होते.
खाली बसलो. म्हटलं, घे. खिडकीची मिळाली तर बघ.