पिंडापाशी दिलेली दोन वचने

चिरंजीव केतन यास सानपाड्याहून अनेक आशीर्वाद.

ऑकलंडला कायमचे येण्याविषयी तू पुन्हा विचारलेस. तुझ्या आईच्या दहाव्याला पिंडास कावळा शिवेना, तेव्हा तू तुझ्या नेहमीच्या धेडगुजरी भाषेत म्हणालास, "आई, टेन्शन घेऊ नकोस, बाबांना मी माझ्याकडे नेतो." कावळा तत्काळ शिवला. तेव्हापासून तू त्या वचनाने बांधला गेला आहेस.

परंतु त्याच क्षणी मीही तिला मनोमन वचन दिले होते, की केतनला मी परत आणीन. तिने कोणाचे ऐकले, हे कळण्यास मार्ग नाही. तुझी खोली मी अजून रोज झाडतो.

हे कळवले, तर तू तिथले सारे सोडून येशील. म्हणून हे पत्र टाकणार नाही. उद्या फोनवर होकार देईन.

तुझी वाट पाहणारे,
बाबा